पेशीचें वाचन आणि अर्बुदाचा उगम

मानवी शरीरांतील एका पेशीचे डीएनएचे धागे सरळ करून एकापुढें एक मांडले, तर त्यांची लांबी सुमारें २ मीटर भरते. एवढा पसारा मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकांत मावतो, तो हिस्टोन नांवाच्या प्रथिनांमुळें. आठ हिस्टोन मिळून एक रीळ होतें व त्याभोंवतीं धाग्याचे दोनांहून किंचित् कमी वेढे बसतात. अशा असंख्य रिळांची जी माळ, तीस क्रोमॅटिन म्हणतात.

घट्ट गुंडाळलेल्या भागांतील जनुकें मात्र पेशीस वाचतां येत नाहींत. म्हणून कोणतें रीळ सरकवावयाचें व कोणतें जागीं घट्ट ठेवावयाचें, हें पाहणारीं दुसरीं प्रथिनें क्रोमॅटिनाच्या दिमतीस असतात. मेंदूची पेशी आणि मूत्रपिंडाची पेशी यांचा ग्रंथ एकच. पण प्रत्येकीनें उघडलेलीं पानें निराळीं. या निवडीवरच त्यांचें वेगळेपण टिकतें.

ह्या प्रथिनांपैकीं एकाचा माग प्रथम यीस्टमध्यें लागला. साखर आंबविण्यास असमर्थ ठरलेल्या यीस्टचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकांत चालू असतां एक बिघडलेलें जनुक सांपडलें. त्याचें नांव एसएनएफ५. रिळें सरकविणाऱ्या प्रथिनसमूहाचा एक घटक तें घडवितें. माणसांत त्याचें प्रतिरूप बाविसाव्या रंगसूत्रावर आहे. १९९८ मध्यें पॅरिस येथील संशोधकांना असें आढळलें कीं, तान्ह्या व लहान मुलांना होणाऱ्या ‘राब्डॉइड’ या अत्यंत घातक अर्बुदांत ह्याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात.

ईझेडएच२ नांवाचें प्रथिन पानें मिटविण्याचें काम करतें. एसएनएफ५चा विरोध नाहींसा होतांच तें शिरजोर होतें व पेशीस परिपक्व करणारीं पानें बंद पाडतें. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत ईझेडएच२हि काढून टाकल्यावर हीं अर्बुदें उद्भवलीं नाहींत. २०१२ मध्यें राब्डॉइड अर्बुदांतील जनुकें तपासतां इतर बिघाड फारच थोडे आढळले. म्हणजे ग्रंथ बहुतांशीं शाबूत. बिघडलें होतें तें वाचन.

ईझेडएच२ला रोखणाऱ्या एका औषधास २०२० मध्यें अमेरिकेंत, एसएनएफ५ बहुधा हरवलेलें असणाऱ्या एका दुर्मिळ सार्कोमासाठीं मान्यता मिळाली. चांचणींत शंभरांत सुमारें पंधरा रोग्यांचींच अर्बुदें लक्षणीय आकसलीं. यश तोकडें खरें; परंतु ह्या प्रथिनसमूहाचा कोणता ना कोणता घटक मानवी कर्करोगांपैकीं सुमारें एकपंचमांशांत बिघडलेला असतो. फाटलेलें पान सांधणें दुष्कर असलें, तरी मिटलेलें पान पुन्हां उघडतां येईल, ही आशा म्हणूनच मूठभर बालकांपुरती उरत नाहीं.