उन्हात फेकलेला युरिया



पौषात रात्रभर ठेवूनही दही लागत नाही आणि वैशाखात तेच दुपारपर्यंत आंबून जातं, हे मायबहिणींना सांगायला आम्ही नको. पण उन्हाचा हाच हिशेब खताच्या गोणीला आपण लावत नाही.

1889 साली स्वीडनच्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञानं आम्लात साखर किती वेगानं फुटते, याचं गणित मांडलं. पदार्थाचे कण एकमेकांवर आदळतात, पण नुसतं आदळून भागत नाही. मध्ये एक बांध असतो. अंगात जोर असेल तोच तो ओलांडतो. तापमान 27 वरून 37 अंशांवर गेलं तर कणांचा सरासरी वेग शंभरात दीड-दोनच वाढतो. बांध ओलांडणारे मात्र बऱ्याच क्रियांत जवळपास दुप्पट होतात. कॉलेजात हे सूत्र आम्ही पाठ केलं, मार्कही मिळवले. नोकरीत गेल्यावर एकरी किती किलो एवढंच सांगत फिरलो. शेतात ऊन असतं हेच विसरलो!

आता गोणीकडे या. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. ओल मिळाली की मातीतलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करतं, आणि माती तापलेली असली की हे काम झपाट्यानं होतं. अमोनिया मातीच्या आत तयार झाला तर माती त्याला धरून ठेवते. वर झाला तर वाऱ्यावर जातो. त्यात आपली काळी जमीन चुनखडीची, सामू 8 च्या आसपास. तिथून तो आणखी सहज उडतो. श्रावणात भुरभुर येते, आपण मुठीनं युरिया फेकतो, दुसऱ्या दिवशी कडक ऊन. विरघळण्यापुरती ओल झाली, खाली उतरण्यापुरतं पाणी नाही. यापेक्षा वाईट वेळ नाही.

कुणी म्हणेल, गोणीतल्या युरियाला निंबोळीचा लेप असतो ना? असतो, 2015 साली त्याची सक्ती झाली. पण तो पुढची पायरी, अमोनियाचं नायट्रेट होणं, लांबवतो. उडणाऱ्या वायूला फारसा अडवत नाही.

म्हणून खत तासाच्या बाजूला, झाडापासून चार बोटं सोडून, दोन-तीन इंच खाली द्या. नाहीतर टाकल्याबरोबर डवरा फिरवा. मजूर नाही, बैल नाही, हे आम्ही जाणतो. मग निदान चांगल्या पावसाच्या तोंडावर टाका.

आमच्यावर विश्वास ठेवू नका. दोन बरण्यांत सारखीच ओली माती घ्या, वर चमचाभर युरिया टाका, झाकणं लावा. एक माठाशेजारी ठेवा, दुसरी तापल्या टिनाखाली. रोज झाकण उघडून, नाक जरा दूर धरून, वास घ्या. कोणती आधी झोंबते ते पुढच्या बैठकीत सांगा.