डोंगरवाटेवरील खरी नोंद
(नांदगाव पेठ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नांदगाव पेठेहून अमरावती-परतवाडामार्गे मेळघाटाकडे निघाले की सातपुड्याचे डोंगर लागतात. हिवाळ्यात सकाळी तेथील डोंगरवाट चढणाऱ्यास सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला लहानसा पिंगळा दिसण्याचा संभव असतो. त्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातील असूनही तो दिवसा शिकार करतो. गावाशेजारच्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचा माथा जवळजवळ कोरा असतो. जगात तो केवळ भारतात आढळतो.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी 1873 साली केले. 1884 नंतर मात्र त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. माइनर्त्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचे नोंदविले होते. तो नमुना वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला होता. त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलत्याच ठिकाणी झाला. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांची प्रतीक्षा संपली. पुढे मेळघाटातही त्याची वसती आढळली.

एका खोट्या चिठ्ठीने शोध भरकटतो आणि खऱ्या नोंदीने हरवलेला पक्षी सापडतो, हा यातील बोध होय. पक्षिनिरीक्षणास दुर्बीण असावी, परंतु वहीवाचून चालणार नाही. दिनांक, वेळ, ठिकाण, संख्या आणि पक्षी बसलेले झाड एवढे लिहावे. ओळख पटली नाही, तर तसे प्रामाणिकपणे नमूद करावे.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये ग्रामपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. विद्यार्थ्यांच्या वहीतील पडताळलेल्या नोंदी तीत उतरल्या, तर पंचायतीच्या हाती पुरावा येतो. रानपिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो. असे झाड वाळके म्हणून तोडण्याचा प्रस्ताव आल्यास ती नोंद त्याची कैफियत मांडू शकेल.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी त्याचा आरंभ आणि सालीम अली यांच्या जन्मदिनी समारोप होतो. शाळांनी त्या आठवड्यात परिसरातील टेकडीवर एक सकाळ घालवावी. राखीव वनात जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी, घरट्यापासून दूर राहावे, शांतता पाळावी. त्या सकाळी लिहिलेल्या चार खऱ्या ओळी पुढील पिढीच्या उपयोगी पडतील.