मॉरिशसची भरभराट कुणाच्या हातांनी?

(जागतिकीकरण आणि स्त्रिया या विषयावरील शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जागतिकीकरणाची चर्चा निघाली की मॉरिशसचं नाव हमखास येतं. ‘एवढासा देश, बाजारपेठ खुली केली आणि बघा कुठच्या कुठे गेला!’ आज हे उदाहरण जरा उलगडून पाहू या. तो देश आपल्याला अगदी परकाही नाही. १८३४ पासून इंग्रजांनी लाखो मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

१९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हाती ऊस सोडून फारसं काही नव्हतं. त्याआधी १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञांनी देशाचं भवितव्य बिकट असल्याचं म्हटलं होतं. १९७० साली सरकारने निर्यातीसाठी खास कायदा केला. कच्चा माल जकातीशिवाय आणा, माल शिवा, परदेशी पाठवा. साखरेतला नफा या कारखान्यांत आला, हाँगकाँगचे मालकही आले. त्यांच्या देशाचा कपड्यांचा कोटा ठरलेला होता, मॉरिशसहून मात्र युरोपात जकातीशिवाय माल जात होता. १९८० च्या दशकाअखेर या कारखान्यांत सुमारे ९० हजार कामगार होते, आणि देशाची लोकसंख्या होती जेमतेम साडेदहा लाख.

मग ही खुल्या बाजाराची किमया म्हणायची का? १९७५ च्या करारानुसार युरोप दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर हमी भावाने घेत होता. कपड्यांना कोट्याचा आडोसा होता. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं, दवाखाने मोफत ठेवले, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली. म्हणजे हमी भाव, संरक्षण आणि कल्याणकारी सरकार या तिन्हींच्या आधाराने देश वर आला. आपल्याला गोष्ट सांगणारे नेमकं हेच गाळतात.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे बाई. सुरुवातीच्या वर्षांत या कारखान्यांतल्या पाच कामगारांपैकी चार स्त्रिया होत्या. का? कायद्यानेच ठरवलेलं बाईचं किमान वेतन पुरुषापेक्षा कमी होतं. शिवाय आठवड्याला दहा तासांपर्यंत ओव्हरटाइम सक्तीचा करायची मुभा मालकांना होती. घरी आल्यावर चूल, मुलं होतीच. तरीही मी एकच बाजू मांडणार नाही. हातात स्वतःचा पैसा आला, बाई घराबाहेर पडली, घरात तिच्या शब्दाला वजन आलं. हे मिळवणं लहान नाही.

पण ते टिकवणं तिच्या हातात नव्हतं. १ जानेवारी २००५ ला कपड्यांचे कोटे संपले. त्याच्या आधीपासूनच मालक स्वस्त मजुरीच्या देशांकडे निघाले होते. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये जुना करारही संपला. हजारो बायका घरी बसल्या. वय चाळिशीच्या पुढे, शिक्षण कमी, येतं फक्त शिलाईकाम. त्यांना नवं काम कोण देणार? उरलेल्या कारखान्यांत बांगलादेश, भारत, मादागास्करहून मजूर आणले गेले. परवाना मालकाशी बांधलेला, राहणं त्याच्याच वसतिगृहात. करारावरच्या मजुराची जुनी गोष्ट नव्या कपड्यांत परत आली.

देश मात्र बुडाला नाही. पर्यटन आणि बँका वाढल्या. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याला श्रीमंत देशांच्या यादीत घातलं, पुढच्याच वर्षी तो त्या यादीतून खाली आला. देशाचा आकडा वर जातो तेव्हा शिलाई मशीनवरची बाईही वर जाते, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्याकडे अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे बायका नगावर शिलाई करतात. माल कुठे जातो, भाव कोण ठरवतो, त्यांना ठाऊक नसतं. म्हणून आपल्या बैठकांत तीन प्रश्न नेमाने यायला हवेत. मजुरी कोण ठरवतं? कारखाना हलला तर भरपाई आणि नवं शिक्षण कोण देणार? आणि करार होतात तेव्हा त्या टेबलावर आपलं कोण बसलेलं असतं? मॉरिशसच्या सरकारने युरोपशी घासाघीस करून भाव मिळवला. बायकांच्या वतीने घासाघीस करायला त्या टेबलावर कुणी नव्हतं. आपण संघटना बांधतो ती त्यासाठी.