गाठ कोणी बांधावी?



विषयाचे नाव वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. म्हणून सुरुवात कापसापासून करतो, म्हणजे आपण सारे एका जागी येऊ. शेतकरी कापूस पिकवतो, जिनात सरकी वेगळी होते, आणि प्रेसमध्ये रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. खामगावच्या बाजारात कोणी शेतकऱ्याला ‘गाठ बांधूनच आण’ म्हटले, तर तो हसेल. संगणकाच्या जगात मात्र ही मागणी रोज होते, आणि भलीभली माणसे ती मान्य करतात.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स याने सुरू केली. ती मोफत आहे, खुली आहे. परंतु ती एका दुकानातून मिळत नाही. जगभरच्या लोकांनी लिहिलेले हजारो कार्यक्रम गोळा करून, तपासून, एकमेकांशी जुळवून देणाऱ्या संस्था आहेत. त्यांना ‘वितरण’ म्हणतात. १९९३ साली इयन मर्डॉक याने सुरू केलेले डेबियन हे त्यांतले एक, फेडोरा हे दुसरे. कार्यक्रम कसा बांधावा, कोठे ठेवावा, त्याला आणखी काय लागते, हे सांगणारी टाचणे प्रत्येक वितरण स्वतःची करते. डेबियनमध्ये ती ‘डेबियन’ नावाच्या कप्प्यात असतात. फेडोरात ‘स्पेक’ नावाची एक फाईल असते. आता प्रश्न असा, की ही टाचणे मूळ लेखकाने आपल्या घरी सांभाळावीत, की वितरणाने?

उदाहरण आपल्या भाषेचेच घेऊ. ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केले, आणि त्यांवरचे पुष्कळ काम पुण्यात झाले. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत, हे येथल्या शिक्षकांना सांगावयास नको. त्याकरिता ‘लोहित-मराठी’ असा वेगळा फॉन्टही निघाला. खेड्यातल्या शाळेत फुकटच्या प्रणालीवर मुलाला आपल्या वळणाचा ‘ल’ दिसावा, तर तो फॉन्ट वितरणाच्या गाठीतून तेथवर पोचला पाहिजे.

देवनागरी लोहितला फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ म्हणतात, तर डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’. वस्तू एक, नावे दोन, कारण दोन्ही घरांच्या रीती निराळ्या. लेखकाने कोणाची रीत पाळावी? दोन्ही पाळावयाच्या, तर तिसऱ्या आणि चौथ्या वितरणाने काय घोडे मारले आहे?

क्रमांकाचीही तीच गोष्ट. लोहितची २.९५.४ ही आवृत्ती डेबियनमध्ये गेली, की तिच्यापुढे आडवी रेघ देऊन आणखी एक आकडा येतो. तो आकडा गाठ बांधणाऱ्याचा. बांधणीत चूक निघाली तर तो तेवढाच वाढवितो. तेच टाचण फॉन्टच्या प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात असेल, तर एका अक्षराचा कानाही बदललेला नसताना लेखकाला नवी आवृत्ती काढावी लागेल! शिवाय टाचणांत नवी आवृत्ती कोठे मिळेल त्याचा पत्ताही असतो. ज्या फेडोरा-होस्टेड या ठिकाणी लोहितचे घर होते, ते २०१७ साली बंद झाले. गठ्ठ्यात छापलेला पत्ता तेथेच चुकीचा होऊन बसला असता.

डेबियनवाल्यांनी याचा त्रास पुष्कळ सोसला. त्यांच्या जुन्या पद्धतीत लेखकाने त्या कप्प्यात ठेवलेली फाईल बदलता येई, पण काढून टाकता येत नसे. नव्या पद्धतीत गठ्ठ्यातला लेखकाचा तो कप्पा सरळ बाजूला टाकतात आणि आपला बसवितात. म्हणजे लेखकाने रात्र जागून केलेले काम कोणी उघडूनही पाहात नाही. ही बहुतेक माणसे नोकरी सांभाळून, विनामूल्य हे करतात. म्हणून मला ते लागते.

मग लेखकाने हात झाडून मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. परवान्याचा मजकूर स्पष्ट हवा. लोहितचा परवाना २०११ साली बदलून फॉन्टांकरिताच केलेला खुला परवाना घेतला, तसा. बांधणीची आज्ञा सरळ हवी, आवृत्तीचे क्रमांक चढते हवेत. कोणता फॉन्ट कोणत्या भाषेला आधी वापरावा हे सांगणारी फाईल लेखकाने दिली तर उत्तमच, कारण ते ज्ञान सर्व वितरणांच्या उपयोगाचे आहे. कार्यक्रम अगदी नवा असेल, कोणतेच वितरण तो घेत नसेल, तर लेखकाने स्वतःपुरती गाठ बांधून पाहावी. प्रत्येक बदलानंतर ती बांधली जाते की नाही हे यंत्राकडून तपासूनही घ्यावे. मात्र ती टाचणे वेगळ्या फांदीवर ठेवावीत, प्रसिद्ध करावयाच्या गठ्ठ्यात घालू नयेत. लेखक आणि बांधणारा एकच माणूस असला तरीही. उद्या त्यांतले एक काम दुसऱ्याकडे गेले, तर सोपविताना फाडाफाड करावी लागत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या शाळेत हे फॉन्ट असतील, तर एवढे ध्यानात ठेवावे: अक्षराचे वळण चुकले तर मूळ प्रकल्पाकडे कळवावयाचे, आणि वळण बरोबर असून फॉन्ट संगणकावर बसतच नसेल तर वितरणाकडे. दोघेही मराठी माणसाच्या पत्राची वाट पाहात असतात.