खडकातली भेग दिसते कशी?

पैठणला एकाच्या बोअरला पाणी लागतं, शेजारचा कोरडा जातो. कारण काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांतूनच फिरतं. कोकणातल्या तुरळ-राजवाडीचं गरम पाणीही भेगांतूनच वर येतं.

पण ही भेग बघायची कशी? भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना भागात, गोठणे इथं 2017मध्ये 3 किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाला. त्यात यंत्र सोडून भिंतीचं चित्र घेतलं. अशी यंत्रं ध्वनिलहरींनी किंवा विजेनं भिंत चाचपतात. ती गोल भिंत स्क्रीनवर उलगडली, की तिरकी भेग साइन वेव्हसारखी दिसते. लाट जितकी उंच, तितकी भेग खडी.

मात्र भेग दिसली म्हणजे पाणी वाहतंच असं नाही. म्हणून सोबत तापमानही मोजतात. भूऔष्णिक विहिरीसाठी या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या असतात.