गोड बोलणारा मास्तर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)

सल्ला केंद्रात काम करताना एक वाक्य मी सतत ऐकते. बाईच्या पाठीवर वळ असतात आणि शेजारीपाजारी सांगतात, "छे हो, तो तर किती शांत माणूस!" कंबोडियाच्या पोल पोटबद्दल वाचताना मला हेच वाक्य पुन्हा भेटलं. त्याला ओळखणारे सांगतात, मृदू बोलणारा, हसतमुख, आवाज न चढवणारा. म्हणून आज त्याच्या घडणीबद्दल बोलायचं ठरवलं.

त्याचं खरं नाव सालोथ सार. जन्म १९२५च्या सुमाराचा, कोंपाँग थॉम प्रांतातल्या प्रेक स्बाव या नदीकाठच्या खेड्यातला. घर खाऊनपिऊन सुखी. पुढे गरीब शेतकऱ्यांच्या नावाने राज्य करणारा हा माणूस गरिबाघरचा नव्हता. चुलत बहीण राजवाड्यातली नर्तकी, राजा मोनिवोंगच्या अनेक स्त्रियांपैकी एक. सख्खी बहीणही पुढे राजाच्या अंतःपुरात गेली. याच नात्यांच्या आधाराने लहान सार नॉम पेन्हला आला. काही काळ बौद्ध विहारात, मग कॅथलिक शाळेत शिकला. त्याला सांभाळलं थोरल्या भावाने आणि वहिनी चिया सामीने. तीही दरबाराची नर्तकी. राजाच्या मर्जीवर जगणाऱ्या बायकांच्या जिवावर या मुलाचं शिक्षण झालं.

१९४९ मध्ये रेडिओ तंत्र शिकायला तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. परीक्षांत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. पण तिथे कंबोडियन विद्यार्थ्यांच्या मार्क्सवादी अभ्यासमंडळात तो रमला. त्यांचा देश फ्रेंचांच्या ताब्यात होता, त्यांचा संताप खरा होता, हे आपण नाकारू नये. १९५३ मध्ये तो परतला. १९५६ मध्ये त्याने खियू पोनारीशी लग्न केलं. शालेय शिक्षणाची शेवटची परीक्षा उत्तीर्ण होणारी कंबोडियातली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. दोघंही शिक्षक. तो खाजगी शाळेत फ्रेंच साहित्य आणि इतिहास शिकवी, विद्यार्थ्यांचा लाडका होता. वर्गाबाहेर गुप्त पक्षाचं काम चाले. १९६२ मध्ये पक्षाचा प्रमुख नाहीसा झाला, १९६३ मध्ये ती जागा सारने घेतली आणि तो जंगलात निघून गेला.

पण एकटा माणूस देश ताब्यात घेऊ शकत नाही. त्याला रस्ता इतरांनी करून दिला. १९६९ ते १९७३ अमेरिकेने कंबोडियाच्या खेड्यांवर बॉम्ब टाकले. १९७० मध्ये लॉन नोलने सिहानुकला सत्तेवरून हटवलं. सिहानुकने रागाने या बंडखोरांशी हात मिळवला आणि राजाच्या शब्दाखातर खेड्यातली हजारो पोरं त्यांच्या फौजेत गेली.

१७ एप्रिल १९७५ रोजी ही फौज नॉम पेन्हमध्ये शिरली. सुमारे २० लाख माणसांना शहराबाहेर काढलं, दवाखान्यातल्या रुग्णांनासुद्धा. पैसा बंद, बाजार बंद, शाळा आणि विहार बंद. राज्य कोण करतं, हे लोकांना माहीत नव्हतं. फक्त एक शब्द होता, 'आंगकार', म्हणजे संघटना. आंगकार सांगते, आंगकारला सगळं दिसतं. चिया सामी सक्तीच्या श्रमावर होती. १९७८ मध्ये सार्वजनिक भोजनगृहात तिने पोल पोटचा फोटो पाहिला, तेव्हा तिला कळलं, हा तर आपण वाढवलेला दीर!

प्रश्न विचारणाऱ्याचं काय होई? तुओल स्लेंग या एका शाळेच्या इमारतीत तुरुंग केला होता. तिथे १२,०००हून अधिक माणसं मारली गेली. त्यांतले बरेचसे पक्षाचेच कार्यकर्ते होते. तीन वर्षं आठ महिन्यांत उपासमारीने, आजाराने आणि कत्तलीत १५ ते २० लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्याच होती सुमारे ८० लाख.

आणि बायका? एकमेकांना न पाहिलेल्या स्त्री-पुरुषांना ओळीत उभं करून आंगकार त्यांची लग्नं लावी. रात्री पहारेकरी झोपडीखाली ऐकत, संबंध आला की नाही म्हणून. त्या सरकारात सामाजिक खात्याची मंत्री एक बाई होती, पॅरिसमध्ये शिकलेली इएंग थिरिथ, पोनारीची सख्खी बहीण. सत्तेत बाई बसली म्हणजे बायकांचं भलं होतं, असं समजणाऱ्या आपण सगळ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पोल पोट १९९८ मध्ये मेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर तो कधी उभा राहिला नाही. पण बायका बोलल्या. चाळीसेक वर्षं गिळलेलं त्यांनी न्यायाधीशांपुढे सांगितलं, आणि नोव्हेंबर २०१८ च्या निकालात सक्तीचं लग्न हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला.

मैत्रिणींनो, आपणही अभ्यासमंडळांतून आलो. आपणही "संघटनेचं म्हणणं आहे" असं सहज बोलतो. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. यापुढे बैठकीच्या इतिवृत्तात दोन गोष्टी नावानिशी लिहू या. निर्णय कोणी घेतला, आणि विरोध कोणी केला. विरोधाचा रकाना तीन बैठका रिकामा राहिला, तर चौथी बैठक त्याच विषयावर घेऊ या.