साने गुरुजींचे छात्रालय आणि आपला निधी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



साने गुरुजींचे नाव निघाले की आपल्या समाजास प्रथम पंढरपूर आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले. पिढ्यान्‌पिढ्या चोखोबांच्या समाधीपाशीच थबकणारी आपली माणसे त्यानंतर आत गेली. हे ऋण आम्ही नाकारीत नाही.

तथापि आज आम्हांस त्याआधीच्या, आपल्या खानदेशातील गुरुजींविषयी बोलावयाचे आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांजकडे आली. मुले शाळेत गेली म्हणजे गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, कंदील पुसून ठेवीत, कपडेही धुऊन टाकीत. रात्री जागून ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहीत आणि सकाळी ते मुलांच्या वाचनात येई. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. म्हणजे हे सारे अवघे सहा वर्षांचे!

ब्राह्मण कुळातील शिक्षकाने मुलांची धुणी धुवावी, याचे मोल आपल्याइतके कोणास कळणार? ढोरे ओढणे, कातडी कमावणे, जोडे शिवणे ही कामे ज्यांच्या माथी जन्माने आली, त्यांस त्याच कामापायी गावकुसाबाहेर ठेवले गेले. गुरुजींनी कामाची लाज मुलांच्या मनातून काढली, आणि त्यासाठी व्याख्यान दिले नाही.

अर्थात एवढ्याने जात गेली असे आम्ही म्हणणार नाही. मंदिरप्रवेशाच्या विधेयकास पाठिंबा देण्याचे बाबासाहेबांनी १९३३ सालीच नाकारले होते. विद्या आणि अधिकार यांवर त्यांचा भर होता, आणि १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. या दोघांस एकमेकांसमोर उभे करण्याची काहींना हौस असते. आम्हांस ती नाही. परंतु मतभेद होता तो झाकूनही ठेवू नये. वसतिगृहाच्या खोलीत मात्र दोघांच्या वाटा एकत्र येतात, असे आम्हांस वाटते.

म्हणूनच समाजमंदिरापुढे संगमरवरी कमान उभारण्याचा जो ठराव आज मांडला आहे, त्यास आमचा विरोध आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, पारोळा या बाजूच्या आपल्या मुली महाविद्यालयासाठी धुळ्यास व जळगावास येतात. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग खोली कालच गेली म्हणून सांगतो. आमच्याच घरातील मुलीने हे तीन दारी ऐकले आहे. कमानीचा निधी या दोन शहरांत मुलींसाठी भाड्याच्या चार-सहा खोल्या घेण्यास लावावा, दिवाबत्ती व पुस्तके मंडळाने पुरवावी, अशी आमची उपसूचना आहे. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. तोवर ज्यांच्या घरी एखादी खोली मोकळी असेल, त्यांनी आजच चिटणिसांकडे नाव नोंदवावे. आमचे नाव आम्ही सकाळीच दिले आहे.